सुपर प्रतीचे चौदा विंचू

जगातली कोणतीही वस्तू, माणूस, घटना किंवा भावना तीनच प्रतींत बसते असं ठामपणे मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. सुपर, एफएक्यू आणि कवडी. सुपर म्हणजे उत्तम, एफएक्यू म्हणजे चालण्याजोगं आणि कवडी म्हणजे डागाळलेलं, किडकं, चारचौघांत न काढण्यासारखं. चौथी प्रत देवाने निर्माण केली नव्हती, आणि केली असेल तर ती पांढरकवड्याच्या केंद्रावर कधी आली नव्हती. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान सरकारी कापूस खरेदीत ग्रेडर होते. कास्तकाराची बैलबंडी दारात आली की तिच्यातल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, आतून पुंजका काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढायचा, उजेडाकडे बघायचं आणि एक शब्द उच्चारायचा, एवढंच त्यांचं काम. त्या एका शब्दावर समोरच्या माणसाचं वर्ष ठरत असे. त्यामुळे ग्रेडरसाहेबांनी शब्द जपून वापरायची सवय लावून घेतली होती. इतकी, की घरीदारी ते या तीन शब्दांपलीकडे फारसे जातच नसत. सगळं गाव त्यांना ग्रेडरसाहेब म्हणे. मीही म्हणे. त्यांचं खरं नाव लग्नपत्रिकेत छापलेलं होतं, असं त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या ताई, सांगत.

माझी त्यांची पहिली भेट मला पाहायला आले तेव्हाची. घरातले मोठे जावई म्हणून सासऱ्यांनी त्यांना मुद्दाम बरोबर आणलं होतं. मी नुकताच यवतमाळच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागलो होतो आणि आपण बऱ्यापैकी माल आहोत अशी माझी समजूत होती. ग्रेडरसाहेबांनी मला नाव, गाव, पगार यांपैकी काहीही विचारलं नाही. ‘जरा इकडं या,’ म्हणून खिडकीपाशी नेलं, उजेडाकडे तोंड करून उभं केलं, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून पाहिलं आणि सासऱ्यांकडे वळून म्हणाले, ‘एफएक्यू. ओलावा कमी आहे, टिकेल.’ लग्न ठरलं. या गोष्टीला इतकी वर्षं झाली, तरी घरात भांडण झालं की बायको मला माझी प्रत सांगते, आणि तिच्याविरुद्ध अपील कुठे करायचं हे मला अजून सापडलेलं नाही.

त्यांना पाहुणा म्हणून घरी ठेवणं हा एक वेगळाच अनुभव होता. सकाळी उठून बघावं तर त्यांच्या उशीच्या कोपऱ्याला बोट जाईल एवढं भोक, आणि ग्रेडरसाहेब खिडकीत उभे राहून उशीतला कापूस ओढून बघत असलेले. ‘साडभाऊ, कवडी भरून दिली तुम्हाला. कुणाकडून घेतल्या?’ चार उशांची ही दशा झाल्यावर आमच्याकडे त्यांच्यासाठी फोमची उशी आणली. ती त्यांनी एकदा दाबून पाहिली आणि न बोलता डोक्याखालून काढून ठेवली. ज्याला धागाच नाही त्याच्याबद्दल काय बोलणार? एकदा पांढरकवड्यातल्या एका बड्या असामीच्या अंत्ययात्रेला आम्ही दोघं गेलो होतो. परतताना मी उगाच काहीतरी गंभीर बोलावं म्हणून ‘माणूस मोठा होता’ असं म्हणालो. ग्रेडरसाहेब थोडं चालून म्हणाले, ‘गर्दी सुपर. भाषणं कवडी. लाकडं ओली होती.’ त्यांनी कुणाची निंदा केली असं मला कधी वाटलं नाही. थर्मामीटर तापाची निंदा करत नाही, तसंच हे. कास्तकार त्यांच्या ग्रेडवरून हुज्जत घालत, हातापायाही पडत. पण त्यांनी चहा पिऊन प्रत वाढवली असं कुणी कधी म्हटलं नाही. तीस वर्षं ते केंद्रावर घरून नेलेल्या बाटलीतलं पाणी प्यायले.

ती वर्षं कापसाची वाईट होती, म्हणून आमच्या जिल्ह्याला बाकी सगळ्या गोष्टींचा सुकाळ होता. समित्या येत होत्या, अभ्यासगट येत होते, गाड्यांचे ताफे येत होते. ज्यांनी आयुष्यात कापसाची पऱ्हाटी पाहिली नव्हती ते उतरून पऱ्हाटीशेजारी उभे राहून फोटो काढत होते, आणि जाताना ससे पाळा, अळंबी लावा, इमू नावाचा शहामृगाचा पुतण्या आणा, असा उपदेश करून जात होते. केंद्राचा मुहूर्त मात्र दरवर्षी जोरात होई. पहिल्या बंडीला हार, बैलांना झुली, पहिल्या कास्तकाराला शेला आणि नारळ, आणि पुढाऱ्यांचं भाषण. असल्याच एका भाषणानंतर ग्रेडरसाहेबांनी मला कानात सांगितलं, ‘धागा लांब आहे, ताकद नाही.’ एका समितीचा जाडजूड अहवाल मी त्यांना वाचायला नेऊन दिला होता. त्यांनी तो हातावर तोलला आणि परत दिला. ‘ओलावा फार आहे. वाळवला तर चार पानं राहतील.’ मी तो अख्खा वाचला होता. चार म्हणजे त्यांनी सढळ हाताने सांगितली.

तर असं करत करत केंद्र दरवर्षी उशिरा उघडायला आणि लवकर बंद व्हायला लागलं. कास्तकार व्यापाऱ्याकडे जायला लागले. शेवटच्या हंगामात दिवसाला दोन-तीन बंड्या आल्या तरी खूप, अशी स्थिती होती. अशाच एका बंडीत ग्रेडरसाहेबांनी कोपरापर्यंत हात घातला आणि आतल्या विंचवाने त्यांना नांगी मारली. माणसं ओरडत धावली. कुणी कांदा आणला, कुणी चुना आणला, कुणी मांत्रिकाचा पत्ता आणला. ग्रेडरसाहेबांनी दुसऱ्या हाताने तो विंचू चिमट्यात धरून आधी नमुन्याच्या डब्यात टाकला, मग बंडीला एफएक्यू दिलं आणि मग दवाखान्यात गेले. काळा, टपोरा, वीतभर नसला तरी तसा वाटणारा विंचू होता. दोन दिवस हात खांद्यापर्यंत ठणकत होता. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा डबा खाटेशेजारी होता आणि ग्रेडरसाहेब त्यात टक लावून बघत होते. ‘साडभाऊ,’ ते म्हणाले, ‘तीस वर्षांत ग्रेड सांगायच्या आत हरकत घेणारा हा पहिलाच माल.’ त्यांच्या आवाजात मला आदर ऐकू आला, आणि तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

त्या उन्हाळ्यात केंद्र बंद झालं ते पुन्हा उघडलं नाही. ग्रेडरसाहेबांना वेळेआधी घरी बसवलं. ते महिनाभर रोज दहा वाजता रिकाम्या आवारात जाऊन उभे राहत आणि साडेपाचला परत येत. मग एके दिवशी गेले नाहीत. त्यांनी घराच्या व्हरांड्यात टेबल-खुर्ची मांडली, आणि दाराशेजारच्या भिंतीवर स्वतःच्या वळणदार अक्षरात फलक लावला: ‘विंचू खरेदी. बाजाराच्या दिवशी सकाळी दहा ते बारा. मेलेला, शेपूट तुटलेला व ओला माल स्वीकारला जाणार नाही.’ पेन्शनला हात लावायचा नाही, असं ताईंनी आधीच बजावलं होतं. म्हणून भाव वस्तूंत ठरला. सुपरला आंघोळीच्या साबणाची वडी, एफएक्यूला आगपेट्यांचा पुडा, आणि कवडीला नुसता चहा. मुहूर्तही झाला. पहिला विंचू आणणारे मुकुटबनचे नानाजी म्हणून एक म्हातारे कास्तकार होते. त्यांच्या कापसाला वीस वर्षं ग्रेडरसाहेबांनी एकदाही एफएक्यूच्या वर जाऊ दिलं नव्हतं. त्यांना शेला आणि नारळ दिला, त्यांच्या डब्यातल्या विंचवाला हळदकुंकू वाहिलं, आणि मग ग्रेडरसाहेबांनी तो उजेडात धरून बघितला. ‘एफएक्यू.’ नानाजींनी शेला सावरला आणि म्हणाले, ‘साहेब, आता तरी! दोन टिकाव मारून गोटा उलटवला तवा भेटला हा.’

‘नांगीचा आकडा आखूड आहे,’ ग्रेडरसाहेब म्हणाले. नानाजी आगपेट्या घेऊन गेले आणि पुढच्या बाजाराला पुन्हा आले.

गावात अर्थातच तर्क सुरू झाले. ग्रेडरसाहेब विष काढून परदेशात पाठवतात, अमावस्येला काहीतरी करतात, किंवा डोकं गेलं आहे. पहिल्या दोन तर्कांना जास्त माणसं होती, कारण त्यांत कर्तृत्व दिसत होतं. खरी गोष्ट कुणालाच पटत नसे. ‘साहेब, याचं करता काय?’ कुणी विचारी. ‘ठेवतो.’ ‘अन् मंग?’ ‘मग काय? ठेवतो.’ कापूस घेतल्यावर त्याचं पुढे काय होतं याचा विचारही त्यांनी कधी केला नव्हता. चांगला माल ओळखावा, योग्य ढिगात टाकावा, यातच त्यांचं समाधान होतं. आणि विंचवांवर त्यांचा जीवही जडला होता, हे मी पाहिलं आहे. गुरुवारी ते हातात पिशवी घेऊन नाकतोडे पकडायला बाहेर पडत. निवृत्त सरकारी नोकर नाकतोड्यामागे धावताना बघायचा असेल तर गुरुवारी पांढरकवड्याला जावं लागे.

ठेवण्याची पद्धत मात्र सरकारी खरेदीची होती. प्लास्टिकचे तीन मोठे टब, तळाला वाळू, वाळूवर कवेलूचे, म्हणजे कौलांचे, तुकडे, आणि प्रत्येक टबावर चिठ्ठी. सुपर, एफएक्यू, कवडी. खरेदी केंद्रावरचं सर्वांत मोठं पाप म्हणजे मिसळ. एका प्रतीच्या गंजीत दुसऱ्या प्रतीचा एक पुंजका गेला तरी गंजी बाटते. म्हणून सारख्याला सारखा, हा नियम. सुपर टबात सुपर, मग ते चौदा झाले तरी एकत्रच. ‘दाटी होत नाही का?’ मी विचारलं. ‘सारख्या प्रतीच्या मालाला एकमेकांचा त्रास नसतो, साडभाऊ. भांडण लागतं ते मिसळीत.’ मी तोपर्यंत कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बावीस वर्षं काढली होती आणि सारख्या प्रतीचा माल एका खोलीत ठेवला की काय होतं याची मला पुरेशी कल्पना होती. पण मला वाटलं, विंचू आहेत, प्राध्यापकांपेक्षा समजूतदार असतील.

नव्हते. पुढच्या खेपेला मी गेलो तर सुपरच्या टबात चौदाचे नऊ झाले होते. एफएक्यू आणि कवडीचे टब जसेच्या तसे भरलेले. ‘पाच कुठे गेले?’ मी विचारलं, आणि स्वयंपाकघरातून ताई म्हणाल्या, ‘विचारा, विचारा. मी आठ दिवसांपासून विचारून राह्यली.’ ग्रेडरसाहेबांनी शांतपणे सांगितलं, ‘घट आहे.’ ज्यांना कापूस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: गंजी महिनाभर पडून राहिली की वाळते, वजन उतरतं, आणि तेवढं उतरणं कायद्याने मंजूर असतं. त्याला घट म्हणतात. घटीबद्दल कुणी कुणाला जाब विचारत नाही. ताई हातातली पळी घेऊनच बाहेर आल्या. ‘घट म्हणे! कापसाचं पाणी उडते. इच्चवाचं काय उडते?’

‘मंजूर मर्यादेत आहे,’ ग्रेडरसाहेब म्हणाले.

‘मर्यादेत आहे तं मग ते माह्या अंथरुणात नसतील, असं लिहून द्या.’

पाच विंचू टबात नाहीत म्हणजे ते घरात आहेत, हा ताईंचा हिशेब सरळ होता. त्यांनी खाटेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. पातळ नेसायच्या आधी अंगणात नेऊन दहा वेळा झटकायला लागल्या. डाळीच्या डब्यात हात घालायच्या आधी चमचा घालायला लागल्या. पंधरा दिवसांनी नवाचे पाच झाले, आणि त्या दिवशी दुपारच्या एसटीने ताई यवतमाळला आमच्याकडे आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांनी जाहीर केलं, ‘नऊच्या नऊ इच्चू मले मोजून दाखवल्याशिवाय मी त्या घरात पाय टाकत नाही. चौतीस वर्षं ऐकलं. आता नाही.’ आणि मग आमच्या सोफ्यावर बसण्याआधी त्यांनी सोफा उलटा करून पाहिला.

ताई महिनाभर राहिल्या. आमच्या घरात विंचू नव्हता, पण महिन्याच्या शेवटी आम्हा दोघांनाही बूट घालण्याआधी आपटायची सवय लागली. ती अजून आहे. रोज सकाळी दहा वाजता ग्रेडरसाहेबांचा फोन येई. तो मी घ्यायचा असे. ‘कशी आहे?’ ‘बऱ्या आहेत.’ ‘घट आहे म्हणून सांगा.’ ‘सांगितलं.’ ‘बरं.’ फोन ठेवला की ताई न विचारता विचारत, ‘किती राह्यले म्हणते?’ आणि मी आकडा सांगे. चार. तीन. एक दिवस मी ‘एकच’ असं सांगितलं, तेव्हा ताई बराच वेळ भाजी निवडत बसल्या. ‘म्हणजे तेरा बाहेर,’ त्या म्हणाल्या, ‘अन् हे तिथं एकटे झोपून राह्यले.’ त्यांना राग होता, भीती होती आणि आता काळजीही लागली होती. आणि त्या तिन्ही गोष्टींची त्यांच्यात भेसळ झाली होती, जी ग्रेडरसाहेबांना मुळीच आवडली नसती.

शेवटी बायकोने मला पांढरकवड्याला पाठवलं. ‘जाऊन भाऊजींना सांगा, हट्ट सोडा म्हणावं. ताई इकडं वाळून राह्यली.’ मी गेलो तेव्हा बाजाराचा दिवस होता आणि व्हरांड्यात टेबल मांडलेलं होतं. ग्रेडरसाहेब अर्धे झाले होते. त्यांनी मला स्वतः केलेली खिचडी वाढली. मी पहिला घास घेऊन पाण्याचा तांब्या उचलला. ‘कवडी आहे,’ ते म्हणाले. ‘मला कळतं.’ तेवढ्यात नानाजी आले, टोपीखालचा घाम पुसत, हातात नेहमीचा पत्र्याचा डबा. विंचू दाखवण्याआधी त्यांनी सुपरच्या टबात डोकावून पाहिलं आणि मोठ्याने हसले.

‘अबब! एकटाच हिंडून राह्यला न्! बाकीचे खाल्ले का यानं?’

ग्रेडरसाहेबांनी मान वर केली. ‘कुणी कुणाला खाल्लं नाही. घट आहे.’

‘काहीची घट, साहेब! हे एकमेकाले खातेत. एका डब्यात दोन टाकले का सकाळी एकच भेटते. आमच्या इकडं लेकराले माहीत आहे.’

‘खात असतील. पण मिसळीत. हे सगळे सुपर होते, नानाजी.’

‘सुपर होते म्हणूनच तं खाल्ले! कवडीवाल्याची काय हिंमत हाये?’ नानाजी पायरीवर बसले. ‘हे पाहा साहेब. माह्या कापसाले तुमी वीस वर्षं एफएक्यू देल्लं. म्या म्हनलं का कधी, का तुमाले समजत नाही म्हणून? कापूस तुमाले समजते, कबूल. पण इच्चू मले समजते.’

मग मी मधे पडलो, कारण मला त्यात सोय दिसत होती. ‘ग्रेडरसाहेब, नानाजी म्हणतात ते खरं असेल तर प्रश्नच मिटला. तेरा विंचू बाहेर नाहीत, याच्या पोटात आहेत. ताईंना तेवढं सांगा, उद्या येतील.’

‘म्हणजे काय सांगू?’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘की सारख्याला सारखा ठेवणं चुकलं? साडभाऊ, माझ्या ग्रेडवर अपिलं झाली. वर साहेबलोकांपर्यंत गेली. बदल एकदाही झाला नाही. तीस वर्षांत माझ्याकडं दुसरं काही जमलं नाही, हे एवढंच आहे. ते एका विंचवापायी देऊन टाकू?’ त्यांनी नानाजींचा डबा उघडला, विंचू उजेडात धरला, आणि त्यांचा तो एक शब्द यायला पहिल्यांदाच वेळ लागला. ‘आज खरेदी बंद आहे,’ ते म्हणाले, आणि घरात जाऊन साबणाची एक वडी आणून नानाजींच्या हातावर ठेवली. नानाजींनी ती वडी उलटीसुलटी करून पाहिली. हे सुपर की नुसती दया, हे त्यांना ठरवता येईना. ते न हुज्जत घालता निघून गेले.

आठ दिवसांनी, फोनच्या वेळेला, फोनऐवजी ग्रेडरसाहेब स्वतःच आमच्या दारात उभे राहिले. काखेत शर्टाचा पुठ्ठ्याचा खोका होता. पाणी प्यायले नाहीत. दिवाणखान्यात वर्तमानपत्र अंथरलं, गुडघे टेकून बसले आणि खोक्यातून एक-एक वस्तू काढून रांगेत मांडायला लागले. काळ्या, वाळलेल्या, मण्यामण्यांच्या शेपट्या. प्रत्येकीच्या टोकाला नांगी. त्यांनी सुपरच्या टबातली सगळी वाळू तीन दिवस चाळणीने चाळली होती. ताई आतून आल्या आणि हातभर अंतर ठेवून उभ्या राहिल्या.

‘मोज,’ ग्रेडरसाहेब म्हणाले.

‘चाळणी कोणती घेतली होती?’

‘गव्हाची.’

ताईंनी डोळे मिटले आणि उघडले. मग वाकून मोजायला लागल्या. बोट न लावता, ओठ हलवत. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. ‘बाराच आहेत.’

‘बाराच आहेत.’

‘मग तेरावा?’

इथे एका शब्दाची गरज होती आणि तो शब्द त्यांच्याकडे आयुष्यभर तयार होता. घट म्हटलं असतं तर चालण्यासारखं होतं. तेरावा अख्खाच गिळला म्हटलं असतं तरी आम्ही मान डोलावली असती; आम्ही दोघं तर त्यासाठी उत्सुकच होतो. ग्रेडरसाहेबांनी रांगेतली एक शेपटी बोटाने सरळ केली. ‘तेरावा मले माहीत नाही,’ ते म्हणाले. ‘खाल्ला असंल. घरातही असू शकते. म्या सगळं पायलं, भेटला नाही.’ मग त्यांनी खोक्याचं झाकण उगाचच लावलं आणि काढलं. ‘माही ग्रेडिंग चुकली.’

मी त्यांच्या तोंडून ‘मले’ आणि ‘माही’ पहिल्यांदा ऐकत होतो. ग्रेड सांगताना ते नेहमी सरकारी भाषेत बोलत. आमची ही पदर तोंडाला लावून आत गेली. ताईंनी हे वाक्य ऐकण्यासाठी चौतीस वर्षं वाट पाहिली असणार, अशी माझी खात्री होती. ते मिळाल्यावर त्या विजयाने काहीतरी बोलतील म्हणून मी कान टवकारले. पण ते वाक्य कुठे ठेवावं हेच त्यांना कळेना, असं दिसलं. त्या खाली बसल्या आणि शेपट्या वर्तमानपत्रात गुंडाळायला लागल्या, उघड्या हातांनी.

‘काही चुकली नाही,’ त्या जरा रागानेच म्हणाल्या. ‘डोळा बरोबर होता तुमचा. मालच दगाबाज निघाला, त्याले तुमी काय करान? चला, उठा. दोनची गाडी भेटते अजून.’

‘पण तेरावा...’

‘त्याचं पाहू घरी.’

मी पोचवायला गेलो. वाटेत ग्रेडरसाहेबांनी सांगितलं, की बाकी दोन टबांतले विंचू आणि तो उरलेला सुपर त्यांनी नानाजींबरोबर केळापूरच्या बाजूला गोट्यांच्या ढिगाऱ्यात नेऊन सोडले. नानाजींनी प्रत्येकाला वेगळा गोटा दाखवला होता. व्हरांड्यातला फलक उतरवलेला होता. मागे भिंतीवर त्याच्या मापाचा पांढरा चौकोन राहिला होता. ग्रेडरसाहेबांनी कुलूप काढलं, ताईंना हाताने थांबवलं आणि पायातल्या चपला दाराबाहेर काढून ठेवल्या. मग ते एकटे आत गेले. आम्ही बाहेरून ऐकत होतो. अनवाणी टाचा जमिनीवर आपटत ते कोपऱ्याकोपऱ्यातून चालत होते. खाटेखाली वाकल्याचा आवाज आला, मग गादीच्या घडीत हात सरकल्याचा, मग डाळीच्या डब्यांचा, एक एक करून. कुठे चमचा वाजला नाही. पहिली खोली झाली, मग स्वयंपाकघर. मागची खोली राहिली होती. तिथून त्यांनी ‘ये’ म्हणेपर्यंत थांबायचं, एवढं ठरलेलं दिसत होतं.

ताईंनी माझ्या हातात पिशवी दिली. पायातल्या चपला काढून त्यांनी त्या ग्रेडरसाहेबांच्या चपलांशेजारी नीट लावल्या आणि तो ‘ये’ यायच्या आतच त्या आत गेल्या. मागच्या खोलीत आता टाचांचे दोन आवाज येत होते. मी व्हरांड्यात पिशवी धरून उभा राहिलो. बूट मात्र काढले नाहीत.